टाकं बदनाम, हात नामानिराळे

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांवर दोन गोष्टी न चुकता येतात. पहिली, कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलमध्ये काढलेला सॅकांच्या ढिगाचा फोटो. दुसरी, सोमवार-मंगळवारच्या सुमारास, ‘अजून कुणाचं पोट बिघडलंय का?’ हा मेसेज. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, गडावरच्या टाक्याचं, कातळात खोदलेल्या त्या हौदाचं, पाणी म्हणजे विष आहे. पाट्या लावा, जाळ्या ठोका, माणशी चार लिटर सीलबंद पाणी सक्तीचं करा. दुसरा छाती काढून म्हणतो, याच पाण्यावर मावळे जगले, तुमचीच पोटं फ्रिजच्या पाण्याने नाजूक झाली आहेत. चार दिवस खडाजंगी होते, मग कुणीतरी ढगात बुडालेल्या सुळक्याचा फोटो टाकतं आणि पुढच्या शनिवारपर्यंत शांतता.

हे भांडण भलत्याच जागी चाललंय. टाक्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, यात वादाला जागाच नाही. पण आपली टोळकी पोट बिघडवून घरी येतात त्याचं मोठं कारण टाक्यात नसून आपल्या हातात आहे, अगदी शब्दशः हातात. आणि सकाळी आपण कुठल्या दगडाआड बसतो, त्यात आहे. पाण्याबद्दल चारचौघांत बोलता येतं, या दोन गोष्टींबद्दल बोलायची लाज वाटते. म्हणून आपण पाण्याबद्दल बोलत राहतो.

आमचीच गोष्ट सांगतो. नाशिक जिल्ह्यातला एक गड, नोव्हेंबरची थंडी, शनिवारचा मुक्काम, सोळा जण. अंधार पडताना कुरमुरे बाहेर निघाले. कांदा, टोमॅटो, फरसाण, घरून डबीतून आणलेली चिंचेची चटणी. एवढं मोठं पातेलं नव्हतं, म्हणून मॅटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावरच भेळ कालवली. बाह्या कोपरापर्यंत सारून, हातानं. कालवणारा मित्र दहा मिनिटांपूर्वीच बुरुजाआड जाऊन आला होता. आल्यावर त्याने हात पँटला पुसले, खिशातल्या बाटलीतलं सॅनिटायझर चोळलं आणि ‘सरका रे’ म्हणत कांदा चिरायला घेतला. चमचे होते, सॅकच्या तळाशी. सोळा हात एकाच ढिगात. भेळ इतकी फक्कड झाली होती की कागदाला चिकटलेला शेवटचा कुरमुराही आम्ही बोटानं टिपून खाल्ला.

सोमवारी सकाळी नऊ जण आडवे. उलट्या, जुलाब, अंगात कणकण. ग्रुपवर तासाभरात निकाल लागला: टाकं. एकाने पायथ्याच्या मावशींच्या पोह्यांवरही संशय घेतला. पण त्या नऊ जणांपैकी पाच जणांनी टाक्याचं पाणी चहाखेरीज घेतलंच नव्हतं, आणि चहा तर खळखळून उकळलेला. पोहे रविवारी सकाळी आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते, गावातल्या माणसांनीही खाल्ले होते, आणि त्यांच्यापैकी कुणी आजारी पडलं नव्हतं. आठवड्याने भेळवाला मित्र सहज बोलून गेला, ‘ट्रेकच्या आधी गुरुवारी माझं जरा ढिलं होतं, पण शुक्रवारी एकदम ठणठणीत.’ कुणी तपासणी केली नाही, त्यामुळे छातीठोक काही सांगत नाही. पण घड्याळाकडे पाहा. टाक्याच्या पाण्यातून येणारा म्हणून ज्याचं नाव नेहमी घेतलं जातं तो जिआर्डिया हा परजीवी शरीरात शिरल्यापासून त्रास द्यायला साधारण एक ते दोन आठवडे घेतो. शिळ्या अन्नातलं जंतूंचं विष काही तासांतच उलटतं. शनिवारी रात्री खाल्लं आणि सोमवारी सकाळी आडवं झालं, हे वेळापत्रक नोरोव्हायरससारख्या विषाणूचं आहे. त्याला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात. तो एका माणसाच्या विष्ठेतून निघून दुसऱ्याच्या तोंडात जातो, बहुतेक वेळा हातामार्फत, आणि आजारी माणूस बरा वाटायला लागल्यावरही काही दिवस तो बाहेर टाकत राहतो. शुक्रवारचं ‘ठणठणीत’ म्हणूनच फसवं होतं.

इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा, कारण सगळा वाद त्यावर फिरतो. पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, जंतूंनी निरोगी माणसाला पाडायचं तर ते प्रचंड संख्येने पोटात जावे लागतात. तेवढे जंतू वाहून आणायला पाणी हे उत्तम वाहन. पण रक्ती आव घडवणारे शिगेला नावाचे जंतू दहा ते शंभर असले तरी भागतं, नोरोव्हायरसला तर मोजके कण पुरतात. एवढा माल न्यायला टाकं कशाला लागतं? नखाखालची जागा पुरते.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांबलचक डोंगरवाटेवर महिनोन्‌महिने चालणाऱ्यांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त जणांना जुलाबाने गाठलं होतं, आणि ओढ्या-डबक्यांचं पाणी शुद्ध न करता वारंवार पिणाऱ्यांना त्रास कितीतरी जास्त झाला होता. मान्य, शंभर टक्के मान्य. आपल्याकडे तर गोष्ट आणखी वाईट आहे. आपले गड काळ्या कातळाचे, वर मातीचा थर वीतभर असेल-नसेल. कड्याच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो कोसळतं, आणि ते पाणी शेण, लेंड्या, माकडांची घाण आणि आपली घाण घेऊन उतारानं थेट टाक्यात. त्यामुळे पाणी उकळाच. आपल्या डोंगरांत सर्वांत उंच कळसूबाई, १६४६ मीटर. त्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या थोडं खालीच उकळत असलं, तरी एक मिनिट खळखळलं की काम झालं. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पण त्याच अमेरिकी अभ्यासातली दुसरी ओळ कुणी वाचत नाही: शौचानंतर हात धुणाऱ्या आणि भांडी नीट घासणाऱ्यांना जुलाबाचा त्रास स्पष्टपणे कमी झाला होता. दोन कारणं, दोन उपाय. आपण एका कारणावर रान उठवतो आणि दुसऱ्याला माफी देतो. का?

‘मावळे प्यायचे’ या तटाकडे वळू. ‘मी गेली वीस वर्षं तेच पाणी पितो, मला काही झालं नाही’ हे म्हणणारा एक काका प्रत्येक ग्रुपवर असतो. या काकांचा आदिपुरुष म्युनिकचा माक्स फॉन पेटेनकोफर. नामवंत आरोग्यशास्त्रज्ञ, वय त्र्याहत्तर. एकट्या जंतूने पटकी होते हे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखचं म्हणणं त्याला पटत नव्हतं. म्हणून ऑक्टोबर १८९२ मध्ये त्याने पटकीच्या जंतूंचं द्रावण मागवलं आणि सरळ पिऊन टाकलं. जुलाब किरकोळ झाले, म्हातारा ठणठणीत राहिला आणि आपला मुद्दा सिद्ध झाला असं त्याने कळवलं. काही दिवसांनी त्याचा सहकारी एमेरिखनेही तेच केलं. त्याला चांगलाच तडाखा बसला. त्याच वर्षी एल्ब नदीचं न गाळलेलं पाणी पिणाऱ्या हँबुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं पटकीने मेली, आणि अगदी शेजारचं, पाणी गाळून देणारं आल्टोना बचावलं. एकाच्या पोटावरून नियम काढला की असं होतं. यातली गंमत अशी की याच पेटेनकोफरने आयुष्यभर म्युनिकमध्ये गटारं आणि स्वच्छतेसाठी आग्रह धरला होता. म्हणजे सिद्धांत चुकीचा असतानाही त्याने विष्ठा माणसांपासून दूर नेण्याचं काम केलं. आपले काका फक्त त्याचा पेला उचलतात.

आणि मावळ्यांचं म्हणाल, तर मावळ्यांची अर्धीच गोष्ट सांगू नका. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, मराठेशाहीच्या राज्यकारभारावरच्या त्या ग्रंथात, गडाच्या पाण्याबद्दल किती बारकाईने लिहिलंय! आधी उदक पाहून किल्ला बांधावा, तोफांच्या आवाजाने झरे आटतात म्हणून राखीव पाण्याची टाकी वेगळी ठेवावी, गडाचं पाणी बहुत जतन करावं. त्याच मजकुरात गडावर केरकचरा कुठेही पडू देऊ नये, जागोजाग जाळून ती राख परसात घालून भाजीपाला करावा, असंही आहे. राजगडावर, रायगडावर शौचकूप आहेत, तटाच्या दगडी बांधकामात, घाण बाहेर दरीकडे पडेल असे. गाइड ते हसत हसत दाखवतो, आपण नाक धरून हसतो आणि पुढे जातो. त्या हसण्यातच आपलं उत्तर हरवतं. गडावरची माणसं ते पाणी पीत होती, पण घाण कुठे पडावी याची सोयही त्यांनी करून ठेवली होती. आणखी मागे जायचं तर बोरिवलीच्या कान्हेरीला जा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणी व्यापाऱ्याने, कुणी गृहस्थाने भिक्खूंसाठी ‘पोढी’ म्हणजे पाण्याचं टाकं दान केलं आणि तसं दगडात कोरून ठेवलं. टाक्यावर दात्याचं नाव यायचं. आज शनिवारी रात्री त्याच तोडीच्या टाक्याच्या काठावर आपण काय दान करून येतो?

मग बाटल्या? त्यांचा कचरा तर आहेच. तो पुढच्या वर्षी आपणच ‘स्वच्छता मोहिमे’त गोळा करतो आणि त्याचे फोटो टाकतो. पण समजा, बाटल्यांचा कचरा होतच नाही. सोळा जणांनी सीलबंद पाणीच प्यायलं असतं, तर आमची भेळ वाचली असती का? नाही. हल्ली मिरवले जाणारे नळीचे फिल्टर जिवाणू आणि जिआर्डिया अडवतात, विषाणू त्यांच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान, सरळ पार होतात. क्लोरीनच्या गोळ्या विषाणूंवर चांगल्या चालतात, जिआर्डियाच्या कवचावर कमी. आणि सॅनिटायझर, आपलं लाडकं ब्रह्मास्त्र, करोनाच्या विषाणूवर होतं तसं नोरोव्हायरसवर चालत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं, चोळून चोळून. दीडशे-दोनशे मिलिलिटर पुरतं. बाटलीच्या टोपणाला दाभणाने दोन भोकं पाडा, साबणाचा तुकडा दोरीने बांधा, झाडाला टांगा. हे मला नवीन वाटलं तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. आमच्या आजीच्या घरी परसाकडे जाऊन आलं की उंबऱ्याच्या बाहेर हात राखेने चोळायचे आणि दुसऱ्या कुणीतरी तांब्यातून पाणी ओतायचं. स्वतःचे हात स्वतः धुवायचे तर तांब्याला तेच हात लागले असते. जंतू हा शब्द तिला ठाऊक नव्हता. मुंबईत नळ आला, फ्लश आला आणि आपण ही रीत विसरलो. डोंगरात नळ नाही, रीतही नाही.

दुसरा विषय अवघड आहे. महाराष्ट्रात अनेक वर्षं गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथकं’ फिरली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला अडवून गुलाबाचं फूल द्यायचं, कधी दंड करायचा, कधी चारचौघांत लाज काढायची. २०१८ मध्ये सरकारने ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर केला. गावाच्या वेशीवर तशी पाटी आहे. आणि आता त्याच पाटीसमोर पहाटे साडेचारला तीन बस थांबतात, दीडशे मुंबईकर उतरतात आणि मोबाइलचे टॉर्च लावून गावाच्या वाफ्यांत, ओढ्याच्या कडेला पांगतात. यांना गुलाबाचं फूल कोण देणार? पायथ्याच्या घरांतले संडास दीडशे माणसांना पुरत नाहीत, आणि त्यांत ओतायचं पाणी मावशींनी हंड्याने आणलेलं असतं. भातसा, तानसा, वैतरणा ही आपल्या नळाची धरणं शहापूर-मोखाड्याच्या पट्ट्यात आहेत, आणि उन्हाळ्यात तिथल्याच कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे निदान मुंबईकराने विसरू नये.

‘खड्डा करून पुरा’ हा सल्ला बाहेरच्या पुस्तकांतून उचललेला आहे: पाण्यापासून साठ मीटर दूर, सहा-आठ इंच खोल. कातळावर सहा इंच माती कुठून आणणार? पहिल्या पावसात सगळं उघडं पडतं आणि टाक्याकडे निघतं. माथ्यावर मुक्काम करणाऱ्यांनी आपली घाण पिशवीत घालून खाली आणावी, एवढाच मार्ग मला दिसतो. शी वाटतं ना? एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातल्या पालिकेने २०२४ पासून गिर्यारोहकांना हेच सक्तीचं केलं. एव्हरेस्टवर जाणारा आणतो, हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याला काय धाड भरली आहे? कुत्र्याची विष्ठा पिशवीत उचलणारी माणसं मी रोज दादरच्या फुटपाथवर पाहतो.

आणि बायका. आमच्या ग्रुपमधल्या मुली शुक्रवारी संध्याकाळपासून पाणी पिणं कमी करतात, आडोसा मिळणार नाही म्हणून. मग चढावर चक्कर येते आणि लीडर ‘फिटनेस’वर भाषण देतो. जुलाब लागलेल्या मुलीने त्या माथ्यावर करायचं काय, हा प्रश्न पाण्याच्या एकाही वादात मी ऐकलेला नाही.

तिसरा तट म्हणतो, रात्रीचे मुक्काम बंदच करा. यात तथ्य आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्यातले अकरा महाराष्ट्रात. गर्दी वाढेल, कमी होणार नाही. संख्येवर मर्यादा हवीच, मी आनंदाने रांगेत उभा राहीन. पण सरसकट बंदीने पहिला फटका बसतो तो शनिवारी साठ माणसांचं पिठलं-भाकरी रांधून वर्षाचा किराणा भरणाऱ्या घराला. पांगणारे लोक बिननावाच्या डोंगरावर जाऊन बसतात, तेच हात घेऊन.

आजारी पडल्यावरचं आपलं वागणंही याच पठडीतलं. प्रत्येक सॅकमध्ये जुलाब बंद करायची गोळी असते, ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी नसते. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर ती गोळी घ्यायचीच नाही, आणि तशा वेळी माणसाला खाली उतरवून डॉक्टरकडे न्यायचं, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि छावणीतल्या पटकीच्या रुग्णांचा मृत्यूदर सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आला. लिटरभर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. गडावर चहासाठी या गोष्टी असतातच. त्याऐवजी आपण दुकानातलं रंगीत गोड पाणी पाजतो. अशा पेयांच्या खोक्यावर ओआरएस हा शब्द छापायला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, तोवर कित्येकांना दोन्हींतला फरकही माहीत नव्हता.

भेळेनंतर आमच्या ग्रुपने तीन नियम केले. मागच्या दोन दिवसांत पोट बिघडलेल्याने स्वयंपाकाला हात लावायचा नाही. फरसाणचं पाकीट फिरवायचं नाही, प्रत्येकाच्या ताटलीत ओतायचं. आणि गावात माणशी वीस रुपये जास्त द्यायचे, साबणाचे आणि पाण्याचे. पहिले दोन नियम सगळ्यांनी लगेच मान्य केले. तिसऱ्यावर बराच वाद झाला, दीडशे रुपयांची सॉफ्टी खाणाऱ्यांचाच.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा त्याच गावात गेलो. मावशींनी ओट्याजवळ निळं पिंप ठेवलं होतं, खाली तोटी, आणि कांद्याच्या लाल जाळीत बांधलेली साबणाची वडी. जेवायला बसण्याआधी त्यांनी सगळ्यांना तिकडे पिटाळलं. आमच्यातला एक नवीन मुलगा ताट घेऊन थेट पंगतीत बसू लागला. म्हणाला, ‘मावशी, मी सॅनिटायझर लावलंय.’

मावशी गोठ्यातून आल्या होत्या, त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. ‘त्यानं शेण निघतं का रे?’ त्यांनी विचारलं, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. तो उठला आणि रांगेत माझ्यामागे येऊन उभा राहिला.